नवा कॉम्प्युटर हँग होतोय, रॅम वाढवू का?

चिपळूणच्या एका ताईंनी लिहिलंय: “गणपतीनंतर घरात नवा डेस्कटॉप घेतला, इथल्याच दुकानातून असेंबल करून. बाराव्या पिढीचा आय३-१२१०० प्रोसेसर, ८ जीबी रॅम, १ टीबी हार्ड डिस्क, विंडोज ११. बटण दाबून मी चहा टाकते, चहा पिऊन होतो तरी पडद्यावरचं चक्र फिरतच असतं. थोरलीचा बारावीचा ऑनलाइन क्लास आणि माझा बचत गटाचा एक्सेलमधला हिशेब एकाच वेळी उघडला की माउससुद्धा हलत नाही. दुकानदार म्हणतात, ‘आणखी ८ जीबी रॅम टाका, पळेल.’ म्हणून नववीतल्या धाकट्याने ऑनलाइन ८ जीबीची पट्टी मागवली. ती स्लॉटमध्ये बसतच नाही. ‘जोर लावला की बसेल’ म्हणत होता, मी थांबवलं. टास्क मॅनेजरचे (कॉम्प्युटरचा कुठला भाग किती राबतोय ते दाखवणारी विंडोजची खिडकी) दोन फोटो आणि पट्टीचा एक सोबत जोडते. पट्टी परत करायची मुदत दहा दिवस, त्यातले चार गेले. दोन महिन्यांच्या वस्तूचं हे असं कसं? आणि आणखी पैसे घालायचे का?”

ताई,

धाकट्याला थांबवलंत ते फार चांगलं केलंत. ती पट्टी जोर लावूनही बसली नसती, स्लॉट मात्र तुटला असता. आणि रॅमचा स्लॉट तुटला की सहसा सगळा मदरबोर्डच, म्हणजे सगळे भाग ज्यावर बसतात ती मुख्य पाटीच, बदलावी लागते.

पट्टीच्या फोटोवर ‘पीसी५-३८४००’ असं छापलेलं दिसतं. म्हणजे ती डीडीआर५, रॅमच्या नव्या पिढीची आहे. तुमच्या टास्क मॅनेजरच्या फोटोत मात्र मेमरीचा, म्हणजे रॅमचा स्पीड ३२०० दाखवतोय, म्हणजे तुमचा बोर्ड आधीच्या पिढीच्या डीडीआर४चा. डीडीआर५ची सुरुवातच साधारण ४८००पासून होते, त्यामुळे हा आकडा पाहिला की बाराव्या पिढीच्या मशीनवर घोटाळा होत नाही. डेस्कटॉपच्या या दोन्ही पट्ट्या लांबीला सारख्या, दोन्हींना २८८ सोनेरी टोकं. फरक मधल्या खाचेचा. ती काही मिलिमीटर सरकवलेली असते आणि ते मुद्दाम केलेलं असतं. डीडीआर४ला १.२ व्होल्ट लागतात, डीडीआर५ला १.१, आणि डीडीआर५मध्ये वीज नियंत्रित करणारी चिपही पट्टीवरच बसवलेली असते. चुकीची पट्टी आत जाऊच नये, एवढ्यासाठी ती खाच.

यात धाकट्याला रागावू नका. त्याने प्रोसेसरचं नाव टाकून शोधलं असणार, आणि आय३-१२१०० खरोखरच दोन्ही प्रकारची मेमरी चालवतो. कुठली चालणार ते बोर्ड ठरवतो, आणि बोर्डाचं नाव दुकानदाराच्या बिलावर बहुतेक वेळा धड लिहिलेलंच नसतं. स्टार्टमध्ये ‘एमएसइन्फो३२’ असं इंग्रजीत टाइप केलंत तर ‘बेसबोर्ड प्रॉडक्ट’समोर ते सापडेल. काही बोर्डांच्या नावाच्या शेवटी ‘डी४’ असतं, तीच खूण.

ती पट्टी आजच परत पाठवायला टाका. पाकीट, बिल, सगळं त्यासोबत. परत घेण्याची मुदत दहा दिवस आहे आणि त्यातले चार गेले, असं तुम्हीच लिहिलंय.

आता मुख्य प्रश्न. डीडीआर४ची पट्टी लगेच मागवू नका. तुमच्या पत्रातला सगळ्यात मोलाचा भाग तुम्ही जोडलेले ते दोन फोटो आहेत, आणि ते रॅमपेक्षा वेगळंच काही सांगताहेत.

पहिला फोटो सकाळचा. काहीही उघडलेलं नाही. प्रोसेसर ९ टक्के, मेमरी ४६ टक्के, डिस्क १०० टक्के. दुसरा संध्याकाळचा, क्लास आणि एक्सेल चालू असताना. प्रोसेसर ३१, मेमरी ९२, डिस्क पुन्हा १००.

सकाळचा फोटो नीट बघा. अर्ध्याहून जास्त मेमरी रिकामी आहे, प्रोसेसर बसून आहे, तरी कॉम्प्युटर रखडलाय. मग रखडवतंय कोण? डिस्क. या वेळेला तुम्ही ८ची १६ काय, ३२ जीबी रॅम टाकली असती तरी चहा पिऊन होईपर्यंत चक्र फिरतच राहिलं असतं. संध्याकाळचा फोटो वेगळा आहे. तिथे मेमरी खरंच अपुरी पडतेय. म्हणजे तुमच्याकडे दोन दुखणी आहेत, आणि दुकानदारांनी दुसऱ्यावरचं औषध पहिल्यासाठी सांगितलं.

रॅम म्हणजे स्वयंपाकघरातला ओटा आणि हार्ड डिस्क म्हणजे माळा, असं समजा. चिरणं, मळणं, फोडणी सगळं ओट्यावर. ओटा भरला की विंडोज काय करतं, तर अर्धी चिरलेली भाजी शिडी लावून माळ्यावर ठेवतं आणि लागली की पुन्हा उतरवतं. त्यासाठी डिस्कवर ‘पेजफाइल’ नावाची एक फाइल राखून ठेवलेली असते. संध्याकाळी माउस हलत नाही तेव्हा हीच चढ-उतार चालू असते. ओटा मोठा केला की ती थांबते, हे खरं. पण सकाळी ओटा रिकामाच असतो. तेव्हा रोजचं सामान पहिल्यांदा खाली उतरवतानाच वेळ जातोय, कारण शिडीच मोडकी आहे.

शिडी मोडकी का, ते थोडं समजून घ्या, म्हणजे पैसे कशाला घालताय ते कळेल. हार्ड डिस्कमध्ये खरोखरच एक तबकडी फिरते. डेस्कटॉपची साधारण डिस्क मिनिटाला ७२०० फेरे घेते, म्हणजे सेकंदाला १२०. हवी ती जागा सुईखाली येईपर्यंत सरासरी अर्धा फेरा, वर ती सुई आत-बाहेर सरकायला लागणारा वेळ. असा हिशेब केला तर सेकंदाला जेमतेम शंभरेक वेगवेगळ्या ठिकाणांहून ती वाचू शकते. एकच मोठा सिनेमा कॉपी करायचा असेल तर ही डिस्क चांगली चालते, कारण सगळं सलग असतं. पण विंडोज सुरू होताना हजारो लहान फाइली इथून-तिथून मागतं. विंडोज ११ तर सुरू झाल्यावरही मागे बरंच काही करत असतं: अपडेट, शोधाची यादी, व्हायरसची तपासणी. एसएसडी म्हणजे चिपांवर साठवणारी डिस्क, तिच्यात फिरणारं काहीच नसतं. ती सेकंदाला अशा हजारो मागण्या सहज पुरवते. तुमचा आय३-१२१०० चार कोरचा, घरच्या कामाला भरपूर ताकदीचा प्रोसेसर आहे. त्याच्या जोडीला २०२२नंतरच्या मशीनमध्ये विंडोज हार्ड डिस्कवर टाकून देणं मला अजिबात पटत नाही. ‘१ टीबी’ हा आकडा बिलावर मोठा दिसतो आणि गिऱ्हाईक त्यालाच भुलतं. ८ जीबी रॅम देणं चूक नव्हती. चूक विंडोज हार्ड डिस्कवर टाकण्यात होती.

हे मी एका शाळेत भोगलंय. वर्गाच्या सगळ्या मशीनना वर्गणीतून रॅमच्या पट्ट्या घातल्या, दोन शनिवार घालवले, आणि सोमवारी मुलं तशीच चक्राकडे बघत बसली. आधी एका मशीनवर पाच मिनिटं टास्क मॅनेजर उघडून बघितलं असतं तर ते पैसे वाचले असते. तेव्हापासून आकडा बघितल्याशिवाय मी कुणाला रॅम घ्या म्हणत नाही.

तर आधी फुकटातलं उरका. कॉम्प्युटर ‘रीस्टार्ट’ करा. ‘शट डाउन’ नको. विंडोज शट डाउनमध्ये पूर्ण बंद होतच नाही, पुढच्या वेळी लवकर उठता यावं म्हणून थोडं राखून ठेवतं. दहा मिनिटं काही न उघडता थांबा. मग टास्क मॅनेजरमध्ये ‘डिस्क’ या रकान्यावर क्लिक करा. सगळ्यात जास्त ओढणारा प्रोग्राम वर येईल. तिथेच ‘स्टार्टअप ॲप्स’मध्ये जाऊन जे रोज लागत नाही ते बंद करा. तुमच्या फोटोत मला दोन अँटिव्हायरस दिसताहेत, एक ३० दिवसांचा फुकट मुदतीचा आणि दुसरा कुठल्यातरी सॉफ्टवेअरबरोबर आलेला. दोन्ही काढून टाका. विंडोजमध्ये स्वतःचं संरक्षण असतं, घरासाठी ते पुरतं. एकाच फाइलीमागे दोन पहारेकरी लागले की डिस्कची दमछाक होते.

आणखी एक, जरा नाजूक. सेटिंग्ज, सिस्टिम, ॲक्टिव्हेशन इथे जाऊन तुमचं विंडोज रीतसर ॲक्टिव्हेट आहे का ते बघा, आणि बिलावर विंडोजची वेगळी नोंद आहे का तेही. असेंबल केलेल्या मशीनवर कधीकधी लायसन्सशिवाय विंडोज चालू करणारं कुठलंतरी ‘ॲक्टिव्हेटर’ चालवून काम भागवलेलं असतं. अशा साधनांबरोबर नको ते प्रोग्रामही आत येतात आणि मागे चालत राहतात. त्यावर बचत गटाचा हिशेब आणि बँकेचे व्यवहार मुळीच करू नका. आता नवं विंडोज टाकायची वेळ येणारच आहे, तेव्हा हेही सरळ करून घ्या.

आणि तीन गोष्टी करू नका. ‘रॅम क्लीनर’, ‘पीसी बूस्टर’ नावाचं काहीही टाकू नका. मेमरी रिकामी असणं ही काही कमाई नव्हे. विंडोज मोकळ्या मेमरीत लागणारं सामान आधीच आणून ठेवतं, ते चांगलंच असतं. हे बूस्टर ते सामान उचलून पुन्हा माळ्यावर टाकतात, नि आकडा खाली आला म्हणून आपण खूश होतो. ‘व्हर्च्युअल मेमरी वाढवा’ हा व्हिडिओंमधला उपायही सोडा, त्याने माळा मोठा होतो, ओटा नाही. आणि पेजफाइल बंद करायच्या फंदात पडू नका, प्रोग्राम मध्येच बंद पडायला लागतील.

एवढ्याने थोडा फरक पडेल. तुमची सकाळ मात्र एसएसडीशिवाय सुधारणार नाही, म्हणून पहिला खर्च तिचाच. एमएसइन्फो३२मध्ये तुमच्या बोर्डाचं नाव बहुधा ‘एच६१०’ने सुरू होईल. अशा बहुतेक बोर्डांवर एम.२ नावाचा, पट्टीसारखी एसएसडी बसवायचा एक स्लॉट असतो. त्यात एनव्हीएमई प्रकारची, २२८० मापाची एसएसडी बसते: २२ मिलिमीटर रुंद, ८० मिलिमीटर लांब, च्युइंगगमच्या पट्टीएवढी. घ्यायच्या आधी कॅबिनेटचं झाकण उघडून स्लॉट आहे ना, रिकामा आहे ना, ते बघा. नसलाच तर २.५ इंची, केबलने जोडायची साटा एसएसडी घ्या; ती हळू असली तरी हार्ड डिस्कच्या मानाने जमीन-अस्मान. ५०० जीबी पुष्कळ झाली. तुमची १ टीबी डिस्क फेकायची नाही, फोटो, व्हिडिओ, क्लासची रेकॉर्डिंग तिच्यावर ठेवा. त्या कामाला ती उत्तम.

एसएसडी बसवताना बारीकसा स्क्रू लागतो. तो मदरबोर्डच्या खोक्यात येतो आणि खोकं बहुतेक दुकानातच राहतं. दुकानदारांकडून ते खोकं मागून घ्या, तुमच्या मालकीचं आहे ते.

आणि नवं विंडोज टाकताना ही एक गोष्ट विसरू नका: जुन्या हार्ड डिस्कची केबल तेवढ्यापुरती काढून ठेवा. दोन्ही डिस्क जोडलेल्या असल्या तर विंडोज सुरू होण्याचा भाग जुन्या डिस्कवरच राहू शकतो. पुढे कधी ती डिस्क काढली किंवा बिघडली, की एसएसडी चांगली असूनही मशीन उठत नाही. त्याआधी अर्थातच हिशेबाच्या फाइली आणि फोटो पेन ड्राइव्हवर किंवा बाहेरच्या डिस्कवर काढून ठेवा. विंडोजसाठी मायक्रोसॉफ्टच्या संकेतस्थळावरून ८ जीबीच्या पेन ड्राइव्हवर इन्स्टॉलर तयार करता येतो. लायसन्स रीतसर असेल आणि बोर्ड तोच असेल तर इंटरनेटला जोडल्यावर सहसा ते आपोआप ॲक्टिव्हेट होतं. हे सगळं घरी करायचं नसेल तर दुकानदारांकडून करून घ्या, मजुरी द्या, पण केबलचं सांगायला विसरू नका.

मग आठवडाभर वापरा. संध्याकाळी पुन्हा तोच क्लास, तोच एक्सेल, आणि तोच फोटो. एसएसडीमुळे पेजफाइलची चढ-उतारही पुष्कळ झटपट होईल, त्यामुळे माउस अडणं कदाचित इतकं जाणवणारही नाही. पण मेमरी ९० टक्क्यांच्या पुढेच राहत असेल तर माझं मत रॅम घ्यावी असंच आहे. क्लास, दहा-पंधरा टॅब आणि एक्सेल एकत्र चालवणाऱ्या घराला ८ जीबी आता तोकडी पडते. १६ भरपूर. ३२च्या मागे लागू नका, विशेषतः सध्या. २०२५च्या शेवटापासून रॅमचे भाव बरेच चढलेत, एआयच्या डेटा सेंटरसाठी लागणाऱ्या मेमरीकडे कारखाने वळल्यामुळे. जितकी लागते तितकीच घ्या.

कुठली घ्यायची? डेस्कटॉपची डीडीआर४, ८ जीबी, ३२००. पट्टीवर ‘पीसी४-२५६००’ छापलेलं असेल. ३२००ला ८ने गुणलं की तो आकडा येतो. शक्यतो आत आहे त्याच कंपनीची, त्याच मॉडेलची घ्या. वेगळी कंपनी असली तरी बहुधा चालते, पण एक पट्टी हळू असेल तर दोन्ही तिच्याच चालीने चालतात. ऑनलाइन फार स्वस्तात ‘ईसीसी रजिस्टर्ड’ लिहिलेल्या पट्ट्या दिसतील. त्या सर्व्हरमधून काढलेल्या असतात, तुमच्या बोर्डावर चालत नाहीत. लॅपटॉपची आखूड पट्टीही नको. मुंबईला कुणी येणार असेल तर लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात पक्क्या बिलासह मिळेल, पण एवढ्यासाठी जायची गरज नाही. तुमच्या दुकानदारांकडून घेतलीत तर बसवून, चालवून दाखवून देतील, नाही जमली तर बदलून देतील. इतक्या भानगडीनंतर मला तेच बरं वाटतं.

तुमच्या फोटोत ‘स्लॉट्स यूज्ड: १ ऑफ २’ आहे, म्हणजे एक जागा रिकामी आहे. दुसरी पट्टी लागली की आणखी एक फायदा होतो. आत्ता मेमरी एकाच वाटेने ये-जा करते, दोन पट्ट्यांनी दोन वाटा होतात. तुमच्या मशीनला वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही, पडद्यावरचं चित्रही याच रॅममधून जातं, म्हणून क्लासचा व्हिडिओ चालू असताना हे उपयोगी पडतं.

बसवायचं काम धाकट्याला करू द्या, तुम्ही शेजारी बसा. कॅबिनेटवर दुकानदाराचं सील असेल तर आधी त्यांना विचारा, वॉरंटीवरून वाद नको. मशीन पूर्ण बंद, प्लग भिंतीतून काढलेला, मग पॉवरचं बटण पाचेक सेकंद दाबून ठेवायचं म्हणजे आत उरलेली वीज जाते. आतला फोटो काढून ठेवायचा. कॅबिनेटच्या उघड्या लोखंडाला हात लावायचा, म्हणजे अंगावरचा स्थिर विजेचा भार निघून जातो. कोकणच्या दमट हवेत त्याचा धोका कमी. नागपूरच्या कोरड्या थंडीत लोकरीचा स्वेटर घालून हे काम करणाऱ्यांनी जास्त जपावं. पट्टी कडेने धरायची, सोनेरी टोकांना बोट लावायचं नाही. खाच आणि स्लॉटातला उंचवटा जुळवून बघायचा, क्लिप उघडायची, आणि दोन्ही अंगठ्यांनी दोन्ही टोकांवर सरळ खाली दाबायचं. थोडा जोर लागतो, आणि ‘टक’ आवाज करून क्लिप आपली आपण मिटते. आता धाकट्याला जोर लावायला हरकत नाही, कारण खाच जुळलेली असेल.

पहिल्यांदा सुरू करताना पडदा थोडा वेळ काळा राहिला तर घाबरू नका, बोर्ड नव्या पट्टीची ओळख करून घेत असतो. दोन-तीन मिनिटांनीही काही आलं नाही तर बंद करून, प्लग काढून, दोन्ही पट्ट्या काढून पुन्हा बसवा. दहातल्या नऊ वेळा एक टोक अर्धवट बसलेलं असतं. तरीही नाही तर नवी पट्टी एकटी लावून बघा. तीच खराब असेल तर लगेच कळेल. सुरू झाल्यावर टास्क मॅनेजरमध्ये १६ जीबी आणि ‘२ ऑफ २’ दिसायला हवं. मग स्टार्टमध्ये ‘मेमरी डायग्नोस्टिक’ शोधून ती तपासणी एकदा चालवा. अर्धा-पाऊण तास जाईल, पण खराब पट्टी परत देण्याच्या मुदतीतच सापडलेली बरी. बचत गटाच्या हिशेबात एखादा आकडा आपोआप बदललेला सापडण्यापेक्षा हे किती तरी चांगलं.

हीच अडचण लॅपटॉपवर असलेल्यांसाठी दोन ओळी. टास्क मॅनेजरमध्ये मेमरीच्या ‘फॉर्म फॅक्टर’समोर ‘रो ऑफ चिप्स’ असेल तर रॅम बोर्डावरच डाग देऊन जोडलेली असते. वेगळा स्लॉट नसेल तर ती वाढत नाही. आणि प्रोसेसर सेलेरॉन एन४०२०सारखा दोन कोरचा असेल तर रॅम टाकूनही फारशी आशा धरू नका. पैसे घालायच्या आधी टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसरच १०० टक्क्यांवर आहे का ते बघा.

ताई, एसएसडी बसली की सकाळचा फोटो पाठवा, आणि आठवड्याने संध्याकाळचा. रॅम घ्यायची की नाही ते दुसऱ्या फोटोवरून सांगतो.